अ‍ॅकॅडमिक कमिटी नेमकं काय करते? इंदूरच्या एमबीए विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला मॅनेजमेंट शिकणाऱ्यांत मराठी मुलं बरीच आहेत. काही राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगरातल्या घरांतली, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. काही जळगाव, भुसावळ, बऱ्हाणपूर, अमरावतीकडून येऊन हॉस्टेलवर राहणारी. प्रवेश झाला की यांचे आणि यांच्या आई-वडिलांचे प्रश्न सुरू होतात, आणि ते साधारण सारखेच असतात. आमच्या कॉलेजच्या अ‍ॅकॅडमिक कमिटीत, म्हणजे शिकवणं, परीक्षा आणि वेळापत्रक यांबद्दल सगळ्यांच्या वतीने बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्याच गटात, काम करताना जी उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागली, ती इथे लिहून ठेवते आहे. वर्गातली अडचण वेळेत, लेखी आणि कोणाला न दुखावता मांडली तर ती बहुतेक वेळा सुटते, असं मला ठामपणे वाटतं. कमिटी त्यासाठीच आहे.

प्रत्येक सेक्शनला सीआर (वर्गप्रतिनिधी) असतो. मग वेगळी कमिटी कशाला?

सीआरला आपला सेक्शन दिसतो. ए सेक्शनला फायनान्स शिकवणारे सर सहाव्या केसवर (चर्चेसाठी दिलेल्या एखाद्या कंपनीच्या प्रसंगावर) पोचलेत आणि बी सेक्शनच्या मॅडम अजून तिसऱ्यावर आहेत, पण मिड-टर्म एकच आहे, हे दोन्ही सीआरना आपापल्या जागेवरून कळत नाही. मार्केटिंगचा रिपोर्ट, ऑपरेशन्सची असाइनमेंट आणि स्टॅटिस्टिक्सची क्विझ एकाच शुक्रवारी येत आहेत, हेही तीन वेगवेगळ्या प्रोफेसरांना माहीत नसतं. सगळ्या सेक्शनचं, सगळ्या विषयांचं चित्र एकत्र बघणारं कोणीतरी लागतं.

रोजची कामं सीआरचीच: लेक्चरची वेळ बदलली, प्रोजेक्टर चालत नाही, वाचनसाहित्य मिळालं नाही. ती कामं कमिटीने ओढून घेऊ नयेत. सीआर नाराज होतो आणि कमिटीचा वेळ जातो.

ही विद्यार्थी संघटना आहे का? निवडणूक होते का?

नाही. विद्यार्थी संघांच्या निवडणुकांसाठी माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने केलेल्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. अ‍ॅकॅडमिक कमिटी त्या अर्थाने संघ नाही. तरी त्यातल्या दोन अटी आम्ही जशाच्या तशा घेतल्या: उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के हवी आणि त्या वर्षी एकही विषय राहिलेला नको. जो स्वतः वर्गात बसत नाही त्याने वर्गाबद्दल बोलावं, हे पटण्यासारखं नाही.

निवड अर्धी सेक्शनच्या मतांवर आणि अर्धी मुलाखतीवर होते. नुसत्या मतांवर ठेवली तर लोकप्रिय मुलं येतात. नुसत्या मुलाखतीवर ठेवली तर आउटगोइंग कमिटी आपल्यासारखीच माणसं निवडते. मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारायचे: तुमच्या सेक्शनमध्ये कोण कधीच बोलत नाही? ज्यांना दोन-तीन नावं सांगता येतात, ती मुलं कमिटीत चांगलं काम करतात.

ताई, एका विषयात काहीच समजत नाहीये. सरांबद्दल तक्रार करू का?

आधी एक विचारते: कितवा आठवडा चालू आहे?

आमचा अभ्यासक्रम ट्रायमेस्टरचा, म्हणजे वर्षाला तीन टर्मचा आहे. एक टर्म दहा-अकरा आठवड्यांत संपते. बहुतेक कॉलेजांत अभिप्राय शेवटच्या लेक्चरला घेतात. तो प्रामाणिकपणे भरला तरी फायदा पुढच्या बॅचला. तुमची टर्म गेलेली असते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच मधला अभिप्राय घ्यावा, असा आग्रह आम्ही धरला. कमिटीने बाकी काहीही केलं नाही आणि एवढंच केलं, तरी वर्षाचं चीज झालं असं मी म्हणेन.

पद्धत साधी आहे. फॉर्ममध्ये तीनच प्रश्न: या कोर्समधलं काय असंच चालू राहावं, काय थांबावं, काय नव्याने सुरू व्हावं. नाव किंवा ईमेल गोळा होणार नाही, असं सेटिंग ठेवायचं. उत्तरं कमिटीचे दोघे जण वाचतात, सारखे मुद्दे एकत्र करतात आणि एका पानाचा गोषवारा बनवतात. शिक्षकाच्या उच्चारावर, कपड्यांवर, स्वभावावर लिहिलेलं काढून टाकतात. ‘सर बोअर आहेत’ यावरून सरांना काही करता येत नाही. ‘केस वाचायला आदल्या रात्री मिळते, चार दिवस आधी मिळावी’ यावरून सर उद्यापासून बदल करू शकतात.

तो कागद सर्वांत आधी त्या प्रोफेसरांच्याच हातात द्यायचा. डीनकडे नंतर, आणि तेही प्रोफेसरांना सांगून. या क्रमाबाबत कोणतीही तडजोड करू नका. आपल्याबद्दलचं बोलणं आधी वरिष्ठांच्या कानावर गेलं की कोणताही माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो, आणि मग वर्गातलं शिकवणं सुधारत नाही. थेट कागद हातात दिल्यावर मात्र बहुतेक शिक्षक तो शांतपणे वाचतात. काही तर पुढच्या लेक्चरला वर्गासमोर सांगतात की यातलं हे करतो, हे करणार नाही, आणि का नाही ते. ते कारण ऐकून अर्धी नाराजी तिथेच मिटते.

आठवा आठवडा चालू असेल तर अभिप्रायाच्या मागे लागू नका. दोन शंकानिरसन तास मागून घ्या आणि ज्याला विषय येतो अशा सिनिअरला बसवा.

पेपर फार अवघड होता. कमिटी काही करणार का?

नुसता अवघड होता म्हणून नाही. आपल्याकडे ग्रेड सापेक्ष आहेत, म्हणजे तुमचे मार्क वर्गाच्या तुलनेत कुठे बसतात त्यावर ग्रेड ठरते. एका पेपरला वर्गाची सरासरी ५० पैकी २२ आली आणि तुम्हाला २८ मिळाले, तर तुम्ही वर आहात. दुसऱ्या पेपरला सरासरी ४१ आली आणि तुम्हाला ३८, तर मार्क दहाने जास्त असूनही ग्रेड खाली. अवघड पेपर सगळ्यांनाच अवघड असतो.

आम्ही हे मुद्दे मात्र जरूर उचलतो: कोर्स आउटलाइनच्या (टर्मच्या सुरुवातीला मिळणाऱ्या विषयाच्या आराखड्याच्या) बाहेरचा प्रश्न, आउटलाइनमध्ये क्विझला २० टक्के लिहून शेवटी ३० धरणं, दोन सेक्शनना दोन वेगळे शिक्षक असताना दोघांचे मार्क एकाच यादीत टाकून ग्रेड लावणं. शेवटचा मुद्दा मुलांच्या लक्षातच येत नाही. एक शिक्षक हात राखून मार्क देतात, दुसरे सढळ हाताने. मग एका सेक्शनचं नुकसान ठरलेलंच. अशा वेळी प्रत्येक सेक्शनच्या ग्रेड वेगळ्या लावाव्यात किंवा मार्क आधी एका पातळीवर आणावेत, एवढी मागणी आकड्यांसह करायची. आकडे समोर ठेवले की प्रोग्रॅम ऑफिस ऐकतं.

उत्तरपत्रिका बघायला मिळते का?

मिळायला हवी, आणि मागायला लाजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालची ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते, असा निकाल दिला. तो कायदा सरकारी आणि सार्वजनिक संस्थांना लागू आहे, त्यामुळे खासगी कॉलेजात थेट त्याचा आधार घेता येत नाही. पण आम्ही त्या टोकाला जाऊच देत नाही. मिड-टर्मनंतर ठरलेल्या दिवशी पेपर वर्गात दाखवले जावेत, हे टर्म सुरू होतानाच वेळापत्रकात लिहून घेतो.

पेपर पाहायला जाताना आदर्श उत्तर काय अपेक्षित होतं ते विचारा. ‘दोन मार्क वाढवा’ हे वाक्य तोंडातून काढू नका.

कमिटी आणि तक्रार निवारण समिती एकच का?

अजिबात नाही, आणि हा फरक प्रत्येकाने नीट समजून घ्यावा. आमची कमिटी विद्यार्थ्यांची आहे आणि तिच्याकडे कसलाही अधिकार नाही. विद्यार्थी तक्रार निवारण समिती ही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार संस्थेने नेमायची असते. तिचे अध्यक्ष प्राध्यापक असतात, एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो, आणि तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. लोकपाल म्हणून निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश नेमले जातात. पेपर पुन्हा तपासा, एवढ्याच मागणीसाठी मात्र लोकपालांकडे जाता येत नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो.

प्रवेश शुल्क परत न मिळणं, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं, जात किंवा लिंग यावरून वेगळी वागणूक, अशा गोष्टी आमच्याकडे आल्या तर आम्ही त्या स्वतः हाताळत नाही. अर्ज कसा लिहायचा ते सांगतो, सोबत येतो, पोच घ्यायला लावतो. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर थेट फोन करा, आमची वाट बघू नका.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. वर्गात सगळे इंग्रजीत बोलतात. मी काय करू?

हा प्रश्न सहसा रात्री, खासगी मेसेजवर येतो. विचारणाऱ्यांत बी.कॉम.ला पहिल्या वर्गात पास झालेली, हिशेबात पक्की असलेली मुलं असतात. म्हणून सविस्तर लिहिते.

केस पद्धतीत बोलण्याला मार्क असतात. बऱ्याच कोर्समध्ये वर्गातल्या सहभागाला १० ते २० टक्के. १९०८ मध्ये सुरू झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने ही पद्धत रुजवली, त्यांच्याच सहकार्याने १९६१ मध्ये उभ्या राहिलेल्या अहमदाबादच्या आयआयएममधून ती आपल्या देशात पसरली. या पद्धतीत एका प्रश्नाला एक उत्तर नसतं, माणसाने बाजू घेऊन बोलावं लागतं. आता ज्याला घरी-दारी इंग्रजीची सवय आहे तो तिसऱ्या सेकंदाला हात वर करतो. ज्याला वाक्य मनात मराठीत सुचतं आणि मग बदलावं लागतं, त्याचा हात वर जाईपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. विचार त्याच्याकडे आहे, वेळ नाही. ही त्याच्या बुद्धीची कमतरता नाही, आणि ती तशी मोजली जाऊ नये म्हणून कमिटीने झटलं पाहिजे.

आम्ही शिक्षकांकडे तीन गोष्टी मागितल्या. चर्चेचे पहिले दोन प्रश्न आदल्या दिवशी द्या. वर्गात प्रश्न विचारल्यावर लगेच हात मोजू नका, मिनिटभर लिहू द्या आणि मग बोलायला सांगा. आणि सहभागाचे काही मार्क लेखी ठेवा: लेक्चरनंतर त्याच रात्री पाठवलेला अर्ध्या पानाचा मुद्दाही धरा. सगळ्यांनी सगळं मान्य केलं नाही. पण लिहिण्यासाठी मिनिटभर दिल्यावर मागच्या बाकांवरचे हात वर येऊ लागतात, हे ज्या शिक्षकांनी पाहिलं त्यांनी ते सोडलं नाही.

मुलांच्या बाजूने करायचं ते असं. आदल्या संध्याकाळी चार-पाच जण बसून केस आपल्या भाषेत फोडा. मराठी, हिंदी, जी येईल ती. समजणं आधी, भाषा नंतर. ब्रेक-इव्हन घ्या. पोह्याचा ठेला आहे. जागेचं भाडं, मदतनिसाचा पगार वगैरे धरून महिन्याचा स्थिर खर्च ३०,००० रुपये. प्लेट २५ रुपयांना विकतो, तिच्यावर पोहे, तेल, सेव, गॅस मिळून १३ रुपये खर्च. प्रत्येक प्लेटमागे १२ रुपये हातात राहतात. ३०,००० भागिले १२, म्हणजे महिन्याला २,५०० प्लेट विकल्यावर तो ना नफा ना तोट्यात. रोजच्या साधारण ८४. आता केसमधल्या मोबाइल कंपनीचे आकडे याच साच्यात घाला. ज्याला हे जमलं त्याला वर्गात दोन मोडक्या वाक्यांतही नेमकं बोलता येतं. आणि सुरुवातीला आकड्याच्या आधारानेच बोला: ‘केसच्या चौथ्या पानावर असं दिलंय, त्यावरून ब्रेक-इव्हन इतका येतो.’ आकडा बरोबर असला की व्याकरणाकडे कोणी बघत नाही.

घसारा, ताळेबंद, खेळतं भांडवल, येणी-देणी यांच्यासाठी आम्ही मराठी, हिंदी आणि इंग्रजी असा तीन रकान्यांचा तक्ता केला आहे. दर वर्षी त्यात भर पडते. तुमच्या सीआरकडे मागा.

इंग्रजी येणाऱ्या मुलांनाही एक सांगणं आहे. तुमचा मित्र बोलत असताना त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. मदत म्हणून केलं जातं, पण त्याचा मुद्दा तुमच्या नावावर जातो.

ग्रुप असाइनमेंटमध्ये एक जण काहीच करत नाही. मार्क मात्र सगळ्यांना सारखे.

सगळ्यांत जास्त मैत्र्या या एका गोष्टीने तुटताना मी पाहिल्या आहेत. उपाय टर्मच्या शेवटी करता येत नाही, सुरुवातीला करावा लागतो. पहिल्या आठवड्यात ग्रुपने एका कागदावर लिहायचं: कोण काय करणार, कधीपर्यंत, आणि भेटायची वेळ कोणती. वेळ महत्त्वाची, कारण इंदूरचीच मुलं असलेल्या ग्रुपमध्ये घरून येणाऱ्यांना रात्री अकराला हॉस्टेलवर थांबता येत नाही. मुलींना तर नाहीच. पुष्कळदा ‘काम करत नाही’ म्हणून ज्यांच्यावर ठपका येतो त्यांना मीटिंगची वेळच सोयीची नसते. आधी ते तपासा.

त्यानंतर सहकाऱ्यांचं मूल्यमापन. पाच जणांचा ग्रुप असेल तर प्रत्येकाने उरलेल्या चौघांत १०० गुण वाटायचे. सगळ्यांनी सारखं काम केलं असेल तर प्रत्येकाला चौघांकडून मिळून १०० येतात. एखाद्याला ४० च आले तर शिक्षक त्याला बोलावून विचारतात आणि ग्रुपच्या मार्कांतला त्याचा वाटा त्या प्रमाणात कमी करू शकतात. यात दोन धोके आहेत: दोस्तीखात्यात गुण देणं आणि जुना राग काढणं. म्हणून सरासरीपेक्षा खूप कमी किंवा खूप जास्त गुण दिले तर दोन ओळींचं कारण लिहावं लागतं, आणि तो फॉर्म फक्त शिक्षक पाहतात, कमिटीही नाही. हे एकदा मधल्या टप्प्यावर आणि एकदा शेवटी घ्या. मधल्या वेळी कमी गुण आलेली बहुतेक मुलं नंतर कामाला लागतात.

वेळापत्रक ठरवताना कमिटीचं काही चालतं का?

चालतं, पण टर्म सुरू व्हायच्या आधी. छापून आल्यावर नाही. आम्ही सगळ्या कोर्सच्या आउटलाइन गोळा करून क्विझ, सबमिशन आणि प्रेझेंटेशनच्या तारखा एका तक्त्यात टाकतो. ज्या आठवड्यात तीनपेक्षा जास्त गोष्टी येतात तो लाल करतो आणि संबंधित प्रोफेसरांकडे जातो. एवढा एक तक्ता समोर दिसला की तारखा आपोआप हलतात, कारण कोणालाच मुलांना मुद्दाम पिळायचं नसतं.

इंदूरचं म्हणून काही वेगळं आहे, ते बाहेरून आलेल्या शिक्षकांना सांगावं लागतं. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) रात्रभर रस्त्यावर असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची क्विझ ठेवू नये. रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरात गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक निघते, शहर बंदच असतं. आणि मराठी मुलांनी गणपतीत पहिल्या दिवशी घरी जाणं हे गृहीत धरलं तर गैरहजेरीचे अर्ज कमी येतात. सणाची सुट्टी मागताना तेवढा तास भरून कधी काढणार तेही सोबत लिहून द्या.

प्लेसमेंटच्या काळात मिड-टर्म येऊ नये यासाठी प्लेसमेंट कमिटीसोबत एकत्र बसणं भाग आहे. त्यांना कंपन्यांच्या तारखा आधी कळतात.

केस सगळ्या परदेशी कंपन्यांच्या असतात. आपल्या भागातलं काही का नसतं?

असू शकतं, आणि हे घडवून आणणं हे माझ्या मते कमिटीचं सर्वांत आनंदाचं काम आहे.

इंदूरच्या आजूबाजूला बघा. पिथमपूरला गाड्यांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. सोयाबीन तेल उद्योगाच्या ‘सोपा’ या संघटनेचं मुख्यालय इथे आहे, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इथे आहे. देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकणारा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ पासून आहे. त्याच्या उत्पन्नाचं आणि खर्चाचं गणित हा एक पूर्ण धडा होईल. १९९२ मध्ये बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांची २२४ कोटी रुपयांची देणी २०२३ च्या डिसेंबरात मार्गी लागली. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर कोणाचं देणं आधी आणि कोणाचं शेवटी, हे पुस्तकातून शिकण्याआधी मालवा मिल भागात एखाद्या म्हाताऱ्या कामगाराशी बोलून बघा. सियागंजची घाऊक बाजारपेठ, तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधली उधारी, सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाल्यावर त्याच ओट्यांवर लागणारी खाण्याची दुकानं: एका जागेचा दोन वेळा वापर, दोन वेगळे धंदे.

करायचं कसं? एखाद्या प्रोफेसरांना एका लेक्चरपुरती जागा मागा. मुलांचा गट धंदेवाल्याची परवानगी घेऊन माहिती गोळा करतो, आकडे देणार नसतील तर न दडवता ‘आकडे बदलले आहेत’ असं लिहितो, आणि पाच-सहा पानांची केस तयार करतो. सोयाबीनच्या भावावर चर्चा ठेवली की अमरावती-बऱ्हाणपूरकडची मुलं, जी एरवी गप्प असतात, तीच वर्गाला समजावून सांगतात: ओलावा किती धरतात, व्यापारी भाव कसा पाडतो, घरात माल ठेवायची ऐपत कोणाची असते. त्या दिवशी वर्गात सहभागाचे मार्क कोणाला मिळाले हे वेगळं सांगायला नको.

जुने पेपर, नोट्स, केसच्या कॉपी कुठे मिळतील?

जुने पेपर आणि सिनिअर मुलांच्या नोट्स कमिटीच्या ड्राइव्हवर. केसच्या कॉपी नाहीत. त्या प्रकाशकाकडून प्रति-विद्यार्थी पैसे भरून घेतलेल्या असतात, त्या अपलोड करणं कॉपीराइटचा भंग आहे.

कंपन्यांचे आकडे हवे असतील तर लायब्ररीत प्रोवेस किंवा कॅपिटालाइन आहे का विचारा. सरकारी संस्थांत २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे मोठ्या प्रकाशकांची जर्नल मिळू लागली आहेत. स्वयम् (सरकारी ऑनलाइन कोर्स) आणि राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी सगळ्यांना खुली आहे.

असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेतली तर?

आउटलाइन वाचा. काही शिक्षक मुद्दे काढायला परवानगी देतात, काही अजिबात नाही, काही सांगतात की वापरा पण काय विचारलं ते शेवटी जोडा. प्रत्येक आउटलाइनमध्ये याबद्दल स्पष्ट ओळ असावी, एवढी मागणी कमिटी करते. नियम लिहिलेला नसताना मुलांवर कारवाई झाली तर आम्ही बोलू. नियम लिहिलेला असताना मोडला तर बाजू घेणार नाही.

इलेक्टिव्हच्या बिडिंगमध्ये पॉइंट कसे लावावेत?

ऐच्छिक विषयांच्या मोजक्या जागांसाठी प्रत्येकाला मिळालेले पॉइंट बोलीसारखे लावायचे असतात. ज्या कोर्सशिवाय चालणार नाही त्यावर जास्त, बाकीच्यांवर उरलेले. मागच्या वर्षीचे कटऑफ कमिटी जाहीर करते. सगळे घेतायत म्हणून घेऊ नका. हमखास चांगली ग्रेड देणारा कोर्स म्हणून प्रसिद्ध झालेल्या विषयात गर्दी इतकी होते की सापेक्ष ग्रेडमुळे तीच मिळत नाही.

आम्ही पालक आहोत. मुलाची हजेरी, मार्क कमिटीकडून कळतील का?

नाही, काकू. ते सांगायचा अधिकार आम्हाला नाही आणि आम्हाला तो नकोही. प्रोग्रॅम ऑफिसला विचारा, त्याहून बरं म्हणजे मुलालाच विचारा. पहिल्या टर्मला मार्क खाली आले तर घाबरून जाऊ नका. आतापर्यंत जी मुलं आपापल्या कॉलेजात पहिली येत होती ती सगळी आता एका वर्गात आहेत, त्यातले निम्मे सरासरीच्या आसपास किंवा खालीच असणार.

ताण फार वाढलाय. कोणाशी बोलू?

आमच्यापैकी कोणाशीही बोला, आम्ही ऐकू. पण आम्ही समुपदेशक नाही, हे आम्ही विसरत नाही. कॉलेजच्या समुपदेशकांकडे सोबत येऊ. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आत्ता फोन करा; मिड-टर्मचं आपण नंतर बघू. वैद्यकीय कारणाने परीक्षा पुढे मागायची असेल तर तो अर्ज कमिटी स्वतः घेऊन जाते, कारण त्या अवस्थेत माणसाला ऑफिसच्या चार खिडक्या फिरणं जमत नाही.

आमचं कॉलेज वेगळं आहे. हे सगळं तिथे चालेल का?

काही चालेल, काही नाही. देवी अहिल्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात पेपर विद्यापीठाचा असतो, त्यामुळे पेपरच्या स्वरूपाबद्दल तुमच्या शिक्षकाला धरून उपयोग नाही. ते अभ्यास मंडळाकडे न्यावं लागतं, विभागप्रमुखांमार्फत. पीजीडीएम (मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदविका) देणाऱ्या स्वतंत्र संस्था एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या अखत्यारीत असतात आणि त्यांना अंतर्गत नियम बदलायला बरीच मोकळीक असते. १९९६ मध्ये सुरू झालेलं आयआयएम इंदूर २०१७ च्या आयआयएम कायद्याखाली येतं, तिथली व्यवस्था निराळी. मधला अभिप्राय, तारखांचा तक्ता आणि ग्रुपचा पहिल्या आठवड्यातला कागद या तीन गोष्टींना मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

बैठक मराठीत होते का?

टिपण इंग्रजीत, बोलणं ज्याला जसं जमेल तसं. वर्गात तमिळ, बंगाली, माळव्यातली हिंदी बोलणारी मुलं आहेत. आपण चार मराठी एकत्र आलो की सवयीने मराठीत सुरू होतो. बाकीचे बसले असतील तर आवरा.

रात्री उशिरा मेसेज केला तर चालेल?

चालेल. उत्तर सकाळी मिळेल. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉल तिकीट, रोल नंबर किंवा खोलीचा घोळ असेल तर मेसेज न करता फोन करा. त्या रात्री कमिटीतले दोघे जण जागे असतात, आणि कोण ते सूचनाफलकावर लावलेलं असतं.